३३०आय, ऑक्टाव्हिया आरएस आणि सोलापूरचा शिवादादा

शुक्रवार

शिवादादाला, म्हणजे माझ्या सोलापूरच्या चुलतभावाला, गाडी घ्यायची होती. म्हणजे गाडी आहे त्याच्याकडं, दारात मोठी डिझेल एसयूव्ही उभी असते, पण ती घरच्यांची, लग्नकार्याची, अक्कलकोटला जायची. आता त्याला स्वतःला चालवायला काहीतरी पाहिजे होतं, सेडानच पाहिजे, जुनी चालेल, पस्तीस लाखाच्या आत, आणि फोनवर थेट प्रश्न असा की "थ्री सिरीज घेऊ का तुझ्यासारखी ती स्कोडा घेऊ, एकदाच काय ते सांग बे." आता हे असं फोनवर सांगता येतं का? माझ्याकडं ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे (स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जोरात पळणारी आवृत्ती), आणि मंद्याकडं (कॉलेजचा मित्र, हिंजवडीत नोकरी, ईएमआयवर मनापासून प्रेम) बीएमडब्ल्यू ३३०आय एम स्पोर्ट, म्हणजे थ्री सिरीजच, सेकंड ओनर. म्हटलं दोन्ही घेऊन येतो, तूच चालव, तूच ठरव. संक्रांत नुकतीच झालेली, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) अजून उठलेला नाही, हुरड्याचा सीझन, मंद्याला एवढी कारणं पुष्कळ झाली.

निघायच्या आधी आकडे सांगून टाकतो म्हणजे पुढं सारखं मध्ये यायला नको. ही ३३०आय भारतात आली २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ४७.९० लाख एक्स-शोरूम, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ पीएस (ही ताकद), ४०० एनएम (ही ओढ), मागची चाकं चालवणारी, शून्य ते शंभर ५.८ सेकंदात. आरएस २४५ आली २०२० च्या ऑटो एक्स्पोला, ३५.९९ लाख, हिचंही दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ पीएस, ३७० एनएम, पुढची चाकं चालवणारी, शंभरला ६.६ सेकंद. म्हणजे कागदावर फरक आहे तो एवढाच, आणि पैशात फरक बारा लाखांचा. मंद्या म्हणतो त्या बारा लाखात प्रोपेलर शाफ्ट येतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा. मी म्हणतो त्या बारा लाखात बॉनेटवरचं निळं-पांढरं चाकोलं येतं. हा वाद आमचा जुनाच आहे, तो अडीचशे किलोमीटर न्यायचा एवढंच ठरलं.

हडपसर जागं व्हायच्या आत बाहेर पडलो, लोणी, उरुळी, यवत अंधारातच गेले, पाटसच्या टोलला उजाडलं. भिगवणला उतरून चहा आणि नाश्ता, उजनीच्या पाण्यावर धुकं होतं आणि लोक कॅमेऱ्याच्या तोफा घेऊन फ्लेमिंगोंच्या मागं बोटीत निघाले होते. आम्ही त्यांच्याकडं वेड्यासारखं बघितलं, त्यांनी दोन माणसं एकमेकांच्या गाडीचे टायर वाकून बघतायत म्हणून आमच्याकडं तसंच बघितलं.

इंदापूरच्या पुढं गाड्या बदलल्या. ३३०आयमध्ये बसलं की पहिल्यांदा काय कळतं तर तुम्ही खाली बसलाय, पाय लांब करून, आणि स्टिअरिंग हातात जाड लागतं, जरा जास्तच जाड. हळू चालवताना रस्त्याचा प्रत्येक जॉइंट कळतो, रनफ्लॅट टायर आहेत, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं चालणारे, त्यांच्या कडा कडकच असतात, पण ऐंशीच्या पुढं गेली की गाडी अशी काही बसते रस्त्यावर की बोलायचंच बंद होतो माणूस. आठ गिअरचा ऑटो बॉक्स आहे तो कधी काय करतो पत्ता लागत नाही. आरएसचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटो बॉक्स, जास्त चटचटीत आहे, पण ट्रॅफिकमध्ये सरपटताना त्याला सवय करून घ्यावी लागते. आवाजात मात्र बीएमडब्ल्यू पुढं, म्हणजे टायरचा आवाज आत येत नाही या अर्थानं. आरएस काँक्रीटच्या पट्ट्यावर आली की मागं बसलेल्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. हे मी माझ्याच गाडीबद्दल लिहितोय, त्यामुळं खरं समजा.

टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळ. मोहोळनंतर जमीन काळी, उसाच्या ट्रॉल्या, ज्वारी कणसात आलेली. ट्रॉल्यांना मागं लाईट नसतात हे या रस्त्यावर रात्री न यायचं एकमेव पण पुरेसं कारण आहे. सावळेश्वरचा टोल झाला की सोलापूर आलंच.

आप्पांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं घर होटगी रोडला. दोन्ही गाड्या फाटकाशी लावल्या तर शेजारची पोरं सगळी बीएमडब्ल्यूभोवती, एकानं तर आरएसच्या बॉनेटला टेकून बीएमडब्ल्यूबरोबर सेल्फी काढला. कारखान्याचा वॉचमन तेवढा माझ्या गाडीजवळ आला, जरा बघितलं, म्हणाला "ऑक्टाव्हिया न्हवं? आमच्या जुन्या मालकाकडं हुती, लय वर्षं चालली." मंद्या इतका हसला की त्याला ठसका लागला.

पण वॉचमनचं काही चुकलं नव्हतं. ऑक्टाव्हिया इथं २००१ लाच आली. डॉक्टरांची, वकिलांची, साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी. त्याच गाडीची टर्बोवाली आरएस पण इथं खूप आधी येऊन गेली, १.८ लिटरची, १५० पीएस, आज ऐकायला काहीच नाही वाटत पण त्या काळात त्या गाडीनं बऱ्याच जणांना आयुष्यभराची खोड लावली. मग २०११ ला लॉरा आरएस (ऑक्टाव्हियाच, इथं तेव्हा नाव वेगळं), १६० पीएस. मग २०१७ ला आरएस २३०, २४.६२ लाखात २३० पीएस, तेव्हा तेवढ्या पैशात तेवढी ताकद दुसरं कोणी देत नव्हतं. मग माझी. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी, २६५ पीएस, ४९.९९ लाख, शंभरच गाड्या, आणि लाँचच्या आधीच सगळ्या बुक. हे सगळं दादाला जेवताना सांगितलं. तो कडक भाकरी मोडत, दह्यात शेंगा चटणी कालवत ऐकत होता, शेवटी म्हणाला "ते सगळं ठीक आहे बे, उद्या घाटात बघू."

संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्याला. पाळणे, मौत का कुआँ, भाग्यवंतांना चप्पल सापडते अशी गर्दी. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तलावाच्या कडेनं फिरलो. मौत का कुआँमध्ये जुनी मारुती आठशे भिंतीवर फिरवणारा माणूस बघून मंद्या म्हणाला की खरा ड्रायव्हर हा, आपण नुसते ब्रोशर वाचणारे. पटलं.

शनिवार

हाच मुख्य दिवस. पहाटे सहाला तुळजापूरकडं. रस्ता चांगला आहे, पंचेचाळीस किलोमीटर, आणि तुळजापूरच्या अलीकडं बालाघाटाची चढण लागते. घाट म्हणजे काही वरंधा नाही, छोटासाच आहे, पण सकाळी मोकळा असला की दोन गाड्यांचा स्वभाव कळायला तेवढा पुरतो. रेसिंग वगैरे काही केलं नाही, देवीला चाललो होतो, आणि मागं वहिनी बसल्या होत्या.

आधी दादानं ३३०आय चढवली. मी शेजारी. दादा ड्रायव्हर चांगला आहे, तरुणपणी आप्पांचा माल घेऊन हैदराबादला टेम्पो चालवलेला, त्यामुळं गाडीचं वजन कुठं चाललंय हे त्याला पुस्तक न वाचता कळतं. दोन वळणं गेली आणि म्हणाला, "ही ढकलायली बे." बरोबर हेच. पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात, ओढायचं काम मागची करतात, त्यामुळं वळणात असतानाच ॲक्सिलरेटर दिला की गाडी मागून बसते आणि वळणातून बाहेर फेकते, स्टिअरिंगवर कसलाही ताण येत नाही. वजनही पुढं-मागं जवळपास निम्मं निम्मं वाटलेलं. हे १९७५ ला पहिली थ्री सिरीज आली तेव्हापासून चाललंय, पिढ्यामागून पिढ्या एकच गोष्ट घोटत बसलेत. गाण्यातला रियाज म्हणतात तसला प्रकार.

खाली येऊन आरएस. आता पुढच्या दोन चाकांवर ३७० एनएम टाकायचे म्हणजे ती चाकं वळणार पण आणि ओढणार पण, साध्या गाडीत एवढी ताकद दिली की आतलं चाक नुसतं फिरत बसतं आणि नाक वळणाच्या बाहेर जायला लागतं. आरएसमध्ये त्यावर इलाज म्हणून पुढच्या ॲक्सलवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डिफरेन्शियल लॉक आहे, क्लचचा संच असतो त्यात, आतलं चाक सुटायला लागलं की तो ताकद बाहेरच्या चाकाकडं पाठवतो. परिणाम असा होतो की वळणात घाबरून पाय काढायच्या ऐवजी पाय दिला तर नाक आत येतं. पहिल्यांदा अंगावर काटा येतो कारण डोकं सांगत असतं की असं व्हायला नको. दादानं दोनदा पाय काढला, तिसऱ्या वळणाला माझं ऐकलं आणि दिला, आणि मग मागून वहिनींचा आवाज आला की देवीचं दर्शन खालूनच करायचंय का.

वर पोचल्यावर गाडीतून उतरून दादा जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला दोन्ही जातात, पण ती गाणं म्हणत जाते, ही कष्ट करून जाते. मला जरा लागलं ते. पण खरं आहे. जोरात, मोकळ्या वळणावर, दोन्हीतला फरक तुम्हाला हातात कळतो, आणि तो बारा लाखांचा आहे का नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण तो बॉनेटवरच्या चाकोल्याचा नक्की नाही. माझा शुक्रवारचा मुद्दा इथं पडला, मंद्याला लिहून दिलं.

दर्शन झालं, रांग बेताची होती. तिथून नळदुर्ग, तासाभरात. नळदुर्गचा किल्ला मी लहानपणी सहलीत बघितलेला, तेव्हा फक्त माकडं लक्षात राहिलेली. आता बघितलं तर डोकं चालेना. बोरी नदीवर दगडी बंधारा घातलाय, किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ जोडणारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या काढल्यात, तोच पाणीमहाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असतं आणि माणूस आत कोरडा बसलेला. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं काम. जानेवारीत धबधबे काही नव्हते, पण खोलीत गार होतं, खिडकीतून नदी दिसत होती, आम्ही तिथं बसून गाड्यांवर बोललो, हे आदिलशहाला कितपत आवडलं असतं माहिती नाही.

दादाचा प्रश्न साधा होता. साध्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना येत नाही का तशी गाडी बनवायला? इतके इंजिनिअर, इतका पैसा.

येते की. मंद्यानंच सांगितलं, जरी तो बीएमडब्ल्यूवाला असला तरी. २०१८ ला तो ग्रेटर नोएडाला ऑटो एक्स्पोला गेलेला, किया तेव्हा भारतात यायची होती, अनंतपूरला कारखाना उभा राहत होता, आणि त्यांनी स्टॉलवर स्टिंगर आणून ठेवलेली. लोक सगळे ज्या कन्सेप्टची पुढं सेल्टोस झाली तिच्याभोवती, आणि हा स्टिंगरसमोर. लांब बॉनेट, मागं उतरतं छत, मागचं दार काचेसकट वर उघडणारं, आरएससारखंच. किया, जिला तोवर जगात स्वस्त आणि लांब वॉरंटीवाली कंपनी म्हणून ओळखायचे, तिनं २०१७ च्या जानेवारीत डेट्रॉइटला ही गाडी दाखवली, ३.३ लिटर व्ही-६, दोन टर्बो, ३७० पीएस, ताकद मागच्या चाकांना, शंभरला ४.९ सेकंद. डिझाइन पीटर श्रायर यांच्या हाताखालचं, जे आधी ऑडीत होते. आणि चेसिस कोणी घोटला तर आल्बर्ट बिअरमान, बीएमडब्ल्यूच्या एम विभागात आयुष्य घालवलेला माणूस, २०१५ ला ह्युंदाई-कियानं त्यांना आणलं आणि गाडी न्युर्बुर्गरिंगवर रगडली. म्हणजे यांच्याच घरातली माणसं नेऊन यांच्याच विरुद्ध गाडी. आणि नुसत्या वेगावर बोलायचं तर ती मंद्याच्या ३३०आयच्या पुढं.

"मग कुठं गेली ती?" दादा.

२०२३ ला बंद. एकच पिढी. भारतात तर विकायला आलीच नाही.

इथं मला जे म्हणायचंय ते असं. तोडीस तोड गाडी एकदा बनवणं ही काही फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. पैसा टाका, माणसं फोडा, चार वर्षांत गाडी तयार. अवघड आहे ते दुसरी बनवणं, पहिली विकली गेलेली नसताना. फोक्सवॅगननं २००२ ला फेटन आणली, फर्डिनांड पिएख यांच्या हट्टापायी, ड्रेस्डेनला काचेचा कारखाना बांधला, गाडी खरोखर मर्सिडीजच्या एस-क्लासच्या तोडीची, पण पुढं फोक्सवॅगनचाच लोगो, लोकांनी एवढी महाग गाडी पोलोच्या शोरूममध्ये घ्यायला नकार दिला. अमेरिकेतून २००६ लाच काढली, २०१६ ला संपली. पुढची पिढी नाही. उलट टोयोटा बघा, १९८३ ला ठरवलं, १९८९ ला लेक्सस एलएस ४०० आणली, नावच वेगळं, शोरूमच वेगळी, आणि मग हटलेच नाहीत. थ्री सिरीजवर आयएस सोडली ती १९९९ पासून पिढ्यामागून पिढ्या काढत बसलेत. अजूनही कोणी लेक्सस आयएस थ्री सिरीजपेक्षा भारी आहे म्हणत नाही, पण "टोयोटाची गाडी एवढ्याला?" असंही कोणी म्हणत नाही. हे दुसरं मिळवायला त्यांना तीस वर्षं लागली. आणि म्हणूनच मला स्टिंगर गेली याचं वाईट वाटतं, ती कमी पडली नव्हती, तिला पुढची संधीच दिली नाही. त्याच प्लॅटफॉर्मवरची जेनेसिस जी७० (जेनेसिस म्हणजे ह्युंदाईचाच महागडा, वेगळ्या नावाचा ब्रँड) मात्र राहिली, कारण तिच्यावर कियाचं नाव नव्हतं.

"म्हणजे ही पण लेबलचीच गोष्ट झाली," मंद्या म्हणाला. पुन्हा तिथंच आलो फिरून.

येताना हैदराबाद हायवेनं परत, ट्रक, ट्रक आणि ट्रक. यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त दादा संपूर्ण रस्ता आरएसमध्येच बसून आला, न विचारता.

रात्री जेवताना आप्पा. आप्पांचे टेरी टॉवेलचे माग आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. सोलापूरची चादर सगळ्यांना माहिती, टॉवेल कमी जणांना, पण एक्सपोर्ट टॉवेलचा जास्त. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, दोन्हीला आहे. आप्पांना गाडीतलं काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात आणि मग बोलायला लागतात. म्हणाले, "माझ्या मागावरचा टॉवेल चाटी गल्लीत एका भावानं जातो, तोच टॉवेल, तेच सूत, तेवढंच वजन, कोपऱ्यात परदेशातल्या दुकानाचं लेबल शिवून गेला की तिकडं तिप्पट. तुमच्या गाड्यांचं काय वेगळं?"

मी म्हटलं आप्पा तुमचं एका जोडीबाबत शंभर टक्के बरोबर आहे. २०२१ च्या जानेवारीत ऑडीनं ए४ आणली ४२.३४ लाखाला, दोन लिटर टर्बो पेट्रोल, १९० पीएस, ३२० एनएम. त्याच महिन्यात स्कोडानं नवी सुपर्ब आणली, ३१.९९ पासून, दोन लिटर टर्बो पेट्रोल, १९० पीएस, ३२० एनएम. दोन्हीला सात गिअरचा ड्युअल क्लच. दोन्ही एकाच ग्रुपच्या, आणि दोन्ही जोडल्या जायच्या आपल्या शेंद्र्याला, संभाजीनगरजवळ, एकाच कारखान्यात. वर सुपर्बमध्ये मागं पाय पसरायला जागा जास्त. ऑडीत इंजिन उभं बसवलेलं, सुपर्बमध्ये आडवं, आतलं मटेरियल ऑडीचं वरच्या दर्जाचं, हे फरक आहेत, पण तरी दहा लाख? तिथं लेबलच. पण ३३०आय आणि आरएसमध्ये तसं नाही, तिथं सूतच वेगळं आहे, सकाळी घाटात दादाला पण कळलं. आप्पा म्हणाले बरं, आणि ताकाचा पेला वर केला. म्हणजे पटलं नाही.

पुतण्या ओंकार इंजिनिअरिंगला आहे, तो एवढा वेळ फोनमध्ये डोकं घालून, मध्येच म्हणाला "तुम्ही सगळे म्हातारे झालाव. बीवायडी सील बघा." आणि त्या चिनी इलेक्ट्रिक गाडीचे आकडे वाचून दाखवले, ५३० पीएस, ६७० एनएम, शंभरला ३.८ सेकंद, आणि मार्च २०२४ ला आली तेव्हा किंमत ५३ लाख. मंद्याचा स्वप्नातला घोडा म्हणजे एम३४०आय, थ्री सिरीजचीच सहा सिलिंडरवाली, ती ४.४ ला जाते आणि २०२१ लाच ६२.९० लाखाला होती. मंद्या गप्प. काय बोलणार. बॅटऱ्या बनवत सुरू झालेली कंपनी जर्मनांच्या सहा सिलिंडरला ॲक्सिलरेशनमध्ये मागं टाकते म्हणजे सेकंदांच्या हिशेबात आता काही अर्थच उरला नाही. मी म्हटलं ओंकार, उद्या तुला मिळाली ना चालवायला तर तुळजापूरच्या घाटात वळणात पाय दे आणि मग सांग. दोन टनाच्या वर वजन आहे. तो म्हणाला काका, घाटात कोण चालवतं, सिग्नलला बघायचं. यावर वादच संपतो.

रविवार

हुरडा. मंगळवेढ्याच्या बाजूला दादाच्या मित्राचं शेत, सगळं घर निघालं, म्हणजे आता खरी परीक्षा, कारण चालवणाऱ्याची मजा एक आणि मागं बसणाऱ्याची एक. मागं आप्पा, काकू आणि मध्ये ओंकार. ३३०आयमध्ये मधला माणूस बोगद्यावर पाय फाकवून बसतो, तोच तो मंद्याचा प्रोपेलर शाफ्ट, त्याखालून जातो. ओंकारला तासाभरात प्रोपेलर शाफ्टबद्दल भरपूर मतं आली. आरएसमध्ये जागा जास्त, पण उतरताना काकूंना दोन्हीतून हात द्यावा लागला, खाली बसतात दोन्ही. डिकी आरएसची ५९० लिटर, ३३०आयची ४८०, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आरएसचं सगळं मागचं दारच उघडतं, त्यामुळं पातेली, चटया, पाण्याचे कॅन, सगळं एका गाडीत. दादा ते भरताना बघत होता. त्याला टॉवेलचे सॅम्पल घेऊन फिरावं लागतं.

मंगळवेढ्यापर्यंत रस्ता मस्त, काँक्रीट, मोठा. शेताचा रस्ता मात्र शेताचाच. स्पीडब्रेकर दोन्ही गाड्या तिरक्या घालून काढले, ओढ्यापाशी आल्यावर दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले, कमरेवर हात ठेवले, बघितलं, आणि दोन्ही गाड्या तिथंच बाभळीखाली लावून सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेले. जर्मन आणि चेक इंजिनिअरिंगची इथपर्यंतच हद्द.

हुरडा काय सांगायचा. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम गरम, बरोबर शेंगा चटणी, जवसाची चटणी, गूळ, दही, बोरं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय मिळालेलाय, तिथली काळी भारी जमीन, पाऊस कमी, आणि तरी ज्वारी मोत्यासारखी. मंद्यानं इतका खाल्ला की नंतर सीटबेल्ट लावताना विचार करत होता.

आणि इथंच, आरापाशी बसून, दादानं जे सांगितलं त्याचा मी खरंच कधी विचार केला नव्हता. म्हणाला, "गाडी चालवायला बीएमडब्ल्यूच भारी, मी खोटं बोलत नाही. पण मला ती परवडत नाही." मंद्या म्हणाला अरे पस्तीसच्या आत येते की जुनी. तर म्हणाला, "घेता येते बे. ठेवता येत नाही. उद्या दारात बीएमडब्ल्यू उभारली की सूतवाला म्हणतो शेट आता साठ दिवसाची उधारी कशाला, तीस करू. कामगार दिवाळीला बोनस मागताना फाटकाकडं बघून मागतो. आणि ज्याचं मला येणं आहे तो म्हणतो यांना काय घाई. एक लोगो, तिन्हीकडनं मार." मग माझ्याकडं बघून, "तुझी उभी केली तर काय म्हणतील? शिवानं स्कोडा घेतली. संपलं."

म्हणजे इतकी वर्षं कंपन्या ज्या गोष्टीवर डोकं आपटतायत, की आमच्या साध्या नावामुळं लोक आमची भारी गाडी घेत नाहीत, ती गोष्ट या माणसाला त्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण वाटत होती. बारा लाख देऊन लोक लोगो घेतात, हा लोगो नको म्हणून चालवायला भारी गाडी सोडायला तयार होता. आणि तुळजापूरच्या घाटात काय मिळतं ते त्याला माहिती होतं, म्हणजे अडाणीपणानं नाही, पूर्ण हिशेब करून. पुण्यामुंबईत बसून रिव्ह्यू करणाऱ्या कोणाच्या तक्त्यात हा कॉलम मी बघितलेला नाही.

वहिनी म्हणाल्या मला दोन्ही सारख्याच वाटल्या, फक्त लाल नको.

माझी लाल आहे.

सोमवार

निघायचं लवकर ठरलेलं पण दादा सकाळपासून फोनवर. आरएस २४५ पाहिजे तर आहेत कुठं? भारतात आल्याच दोनशे, थेट बाहेरून बनून आलेल्या, आणि ज्यांनी घेतल्या ते वेडे लोक आहेत, माझ्यासारखे, ते विकत नाहीत. नव्या शंभर तर शोरूम बघायच्या आधीच गेल्या, आणि पन्नास लाख बजेटच्या बाहेर. जुनी २३० शोधली तर एक मिळाली, मालकानं रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली, दादा म्हणाला दुसऱ्यानं छेडलेलं इंजिन नको. दुपारपर्यंत तीन शहरातल्या डीलरांना फोन करून झाले आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "साहेब ३३०आय दाखवू का, चार उभ्या आहेत."

मला तर इथं कंपनीचाच राग येतो, की बाबा दर काही वर्षांनी एवढी चांगली गाडी आणता, मूठभर आणता, हातोहात जाते, आणि मग तुम्हीच म्हणता भारतात या गाड्यांना गिऱ्हाईक नाही. पिढ्यामागून पिढ्या टिकून राहिलात म्हणून तर नाव झालं आरएसचं, मग शोरूममध्ये पण टिका की जरा. शंभर गाड्यांनी थ्री सिरीजला आव्हान होत नाही, फक्त आमच्यासारख्यांच्या गप्पा होतात.

जेवून निघालो. काकूंनी शेंगा चटणी, कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि आप्पांच्या मागावरचे टॉवेल दिले, बिनलेबलचे. गाडीत बसताना दादा खिडकीशी आला आणि इतका वेळ पोटात ठेवलेलं बोलला, "तुझीच दे की बे. रंग बदलून घेतो." मी हसण्यावारी नेलं आणि गाडी काढली.

सावळेश्वरच्या टोलला मेसेज आला, आकडा लिहिलेला. मी उत्तर दिलं नाही. वरवड्याच्या टोलला दुसरा, पन्नास हजारानं वाढवलेला. मंद्याला फोन करून सांगितलं तर तो पुढच्या गाडीतून म्हणतो, दे त्याला आणि तू माझी घे, मी एम३४०आय बघतो. इंदापूरला चहाला थांबलो तर अजून एक मेसेज, आता आकड्याबरोबर चादरी पण होत्या. बायकोला विचारलं तर ती म्हणाली यात विचारण्यासारखं काय आहे, वीक.

अजून तरी विकलेली नाही. दादा आता एक लाखानं वर आलाय.